मुलाची इलेक्ट्रिक बाईक 'अपग्रेड' करण्याआधी

डिसेंबर २०२५ मध्ये हिरो मोटोकॉर्पच्या 'विडा' ब्रँडने 'डर्ट.ई के३' नावाची छोटी इलेक्ट्रिक बाईक बाजारात आणली. वयोगट ४ ते १० वर्षे, सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये, वापर फक्त रस्त्याबाहेर, म्हणजे मोकळ्या मैदानात किंवा मातीच्या ट्रॅकवर. तोपर्यंत अशी गाडी हवी असेल तर परदेशातून मागवावी लागे, नाहीतर ऑनलाइन मिळणारी, ना धड कंपनीचे नाव ना धड बॅटरीचा पत्ता अशी घ्यावी लागे. आता देशातल्या एका बड्या दुचाकी कंपनीनेच मुलांसाठी गाडी काढली म्हटल्यावर 'ही वस्तू घरात असायला हरकत नाही' असा समज पक्का झाला आहे.

सातारा-सांगली भागात मोकळी जागा भरपूर आहे. ऊस तुटल्यावर रिकामे झालेले रान, माळ, शाळेचे मैदान, नव्या प्लॉटिंगमधले रहदारी नसलेले रस्ते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलाला जे मिळत नाही ते इथल्या मुलाला घराच्या मागे मिळते. त्यामुळे वाढदिवसाला मामाने दिलेली, सेकंडहँड घेतलेली किंवा हप्त्यावर आणलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी आता गावातही दिसते. दवाखान्यात लसीकरणाला किंवा खोकल्याला आलेले पालक जाता जाता विचारतात, "डॉक्टर, ही गाडी पोराला आता पुरत नाही हो. बॅटरी मोठी टाकू का?"

गाडी घ्यावी की घेऊ नये यावर मी इथे फार बोलणार नाही. बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नावर. माझ्या पाहण्यात दुखापतींचे स्वरूप बदलते ते गाडी घेतली तेव्हा नाही, तर सहा-आठ महिन्यांनी तिच्यात काहीतरी 'वाढवले' तेव्हा. नवीन गाडीवर मूल पडते तेव्हा गुडघा खरचटतो. वाढवलेल्या गाडीवर पडते तेव्हा मला पुढे चिठ्ठी लिहावी लागते.

ही गाडी मुळात कशासाठी बनली

परदेशात मुलांच्या इलेक्ट्रिक मोटरसायकली रुजल्या त्या 'ट्रायल्स' या खेळातून. ब्रिटनमध्ये इयान स्मिथ यांनी आपल्या ऑलिव्हर या लहान मुलासाठी २००४ च्या सुमारास अशी एक गाडी तयार केली आणि त्यातून 'ओसेट' ही कंपनी उभी राहिली. २०२२ मध्ये ती ट्रायम्फने विकत घेतली. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नसते. दगड, ओंडके, चढउतार यांवरून गाडी हळूहळू, तोल सांभाळत न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय लागला की दोषांक वाढतो. चालण्याच्या वेगाने गाडी नेणारा मुलगा इथे जिंकू शकतो.

हे सांगण्याचे कारण असे, की छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा मुलाच्या शरीराला काही फायदा असेल तर तो इथे आहे: तोल, ब्रेकवरचा ताबा, नजर कुठे ठेवायची याची सवय, आणि हो, दोन तास मोबाईल बाजूला. हे सगळे ताशी ८-१० किलोमीटरला मिळते. वेग वाढवून यातले काहीच वाढत नाही. आपल्याकडे मात्र गाडीचे कौतुक एकाच आकड्याने होते, "किती पळते?" शर्यतीचे वेड आपल्या भागाला नवीन नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मान्यता देणारा कायदा वैध ठरवल्यावर आपल्याकडे केवढा जल्लोष झाला होता हे आठवा. पण शर्यतीच्या बैलालाही कुणी वासरू असताना गाड्याला जुंपत नाही.

वेगाचा आकडा उंचीत मोजा

ताशी २५ किलोमीटर हा आकडा मोठ्या माणसाला किरकोळ वाटतो. म्हणून मी पालकांना तो उंचीत सांगतो. ताशी ८ किलोमीटरने जाताना एखाद्या पक्क्या वस्तूवर आदळणे म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरवरून पडणे, म्हणजे घराची एक पायरी. १६ किलोमीटर म्हणजे १ मीटर, स्वयंपाकघराच्या ओट्याएवढे. २५ किलोमीटर म्हणजे जवळपास अडीच मीटर, कौलारू घराच्या पडवीचे छप्पर. आणि बॅटरी-कंट्रोलर बदलून तीच गाडी ४५ ने पळवली तर ८ मीटर, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त.

हे शाळेतलेच पदार्थविज्ञान आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ८ वरून २५ वर गेलात की ती जवळजवळ दहापट होते. के३ मध्ये ८, १६ आणि २५ असे तीन टप्पे दिले आहेत आणि पालकांना मोबाईल ॲपमधून वेगावर मर्यादा घालता येते. ही सोय चांगली आहे. पण ॲप पालकांच्या हातात असते आणि हट्ट मुलाच्या, त्यामुळे पहिल्याच रविवारी टप्पा तिसऱ्यावर गेलेला मी ऐकला आहे.

दुसरा आकडा वजनाचा. या गाडीचे वजन सुमारे २२ किलो. आपल्याकडच्या ५-६ वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १८ ते २० किलो. म्हणजे मूल आपल्यापेक्षा जड वस्तूवर बसलेले असते, आणि पडल्यावर ती वस्तू त्याच्या अंगावर येते. मोठी बॅटरी बसवली की त्यात आणखी दोन-चार किलोंची भर. वजन वाढते, गाडीचा तोल बदलतो, ब्रेक मात्र जुन्या वजनाला आणि जुन्या वेगाला बेतलेले असतात. 'अपग्रेड'मध्ये ब्रेकचे नाव मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

पेट्रोल गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी यांतला एक फरकही लक्षात घ्या. इलेक्ट्रिक मोटर मूठ पिळल्याच्या क्षणी पूर्ण जोर देते. क्लच नाही, आवाज नाही, 'आता गाडी सुटणार' अशी सूचना नाही. मूल घाबरले की मूठ घट्ट आवळते आणि मागे झुकते, त्याने मूठ आणखी पिळली जाते आणि गाडी आणखी पळते. भिंतीवर किंवा तारेच्या कुंपणावर जाऊन आदळणारी मुले बहुतेक वेळा अशीच आदळतात. म्हणून मनगटाला बांधायची, गाडीपासून दूर होताच वीज तोडणारी दोरी असलेलीच गाडी घ्या, आणि ती दोरी दरवेळी खरोखर बांधा. मूल पडल्यावर गाडी उचलताना आधी स्विच बंद करायचा, मग हँडलला हात लावायचा. चालू गाडी मुठीला धरून उचलली की ती पुन्हा सुटते.

बॅटरी हा वेगळाच विषय आहे

वेग आणि रेंज वाढवायची म्हणजे बहुधा बॅटरीला हात घालायचा. इथे अपघात मैदानात होत नाही, घरात होतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. ती फुटली. जवळ झोपलेला ७ वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी देशभरात ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या येत होत्या. त्यानंतर नोंदणी होणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ या मानकाचे कडक नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण मुलांच्या गाडीला नोंदणीच नसते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जुने सेल जोडून बनवलेल्या पॅकला कुठलेच मानक नसते.

एक चूक विशेष सांगतो, कारण ती चांगल्या हेतूने होते. जुन्या स्वस्त गाडीत लेड-ॲसिड बॅटरी असते. ती जड असते, लवकर बसते, म्हणून त्या जागी लिथियमची बसवतात. ही 'सुधारणा' झाल्यावर चार्जर मात्र जुनाच वापरला जातो, कारण दोन्हीवर '४८ व्होल्ट' लिहिलेले असते. लेड-ॲसिडचा ४८ व्होल्टचा चार्जर साधारण ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. १३ सेलच्या लिथियम पॅकची कमाल मर्यादा ५४.६ व्होल्ट असते. पॅकमधले संरक्षण सर्किट चांगले असेल तर ते चार्जिंग तोडते. ते हलक्या दर्जाचे असेल, किंवा 'उगाच कट होतंय' म्हणून कुणी वगळलेले असेल, तर रात्रभर चार्जिंगला लावलेली ती बॅटरी घराला धोका आहे.

चार्जिंग दिवसा, कुणीतरी जागे असताना, झोपायच्या खोलीबाहेर आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर करा. दाराजवळच आग लागली तर निघायचे कुठून? फुगलेली, पडून चेपलेली, पाण्यात बुडालेली, चार्ज होताना हात लावता येणार नाही इतकी तापणारी बॅटरी पुन्हा वापरू नका. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेल्यावर ती 'वाळवून' लगेच चार्जिंगला लावू नका. बॅटरी पेटली तर गाडी वाचवायला जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. या धुरात घशाला आणि फुप्फुसांना इजा करणारे विषारी वायू असतात. धूर छातीत गेलेले मूल आत्ता ठीक दिसले तरी काही तासांनी खोकला आणि धाप सुरू होऊ शकते, म्हणून त्याला दवाखान्यात दाखवाच.

भाजलेल्या जागेवर वाहते साधे पाणी २० मिनिटे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातले काहीही नाही. टूथपेस्ट खरवडून काढताना मुलाला जे सोसावे लागते ते तुम्ही एकदा पाहिलेत तर पुन्हा लावणार नाही.

मैदानातून रस्त्यावर

अपग्रेडचा तिसरा प्रकार असा आहे की त्याला कुणी अपग्रेड म्हणत नाही. गाडी तीच, जागा बदलते. आधी अंगण, मग गल्ली, मग शिकवणी. १२-१४ वर्षांच्या मुलांना तर सरळ कमी वेगाची ई-स्कूटरच दिली जाते, कारण दुकानदाराने 'लायसन्स लागत नाही' असे सांगितलेले असते.

दुकानदार अर्धे खरे बोलतो. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि त्यासंबंधीच्या बाकीच्या अटी पाळलेल्या असतील, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही. पण वायर तोडून वेगाची मर्यादा काढली किंवा मोठी मोटर बसवली की ती सवलत संपते. त्या क्षणापासून ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल आहे आणि ती अल्पवयीन मुलाच्या हातात आहे. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाईकवर कारवाईचे आदेश सर्व आरटीओंना दिले होते, इतका हा प्रकार पसरला होता.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणानंतर हे कलम लोकांना ऐकून माहीत झाले. ते फक्त महागड्या मोटारींसाठी आहे असा मात्र अजून समज आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी डॉक्टर म्हणून माझी हरकत राहते. साधारण ९-१० वर्षांखालच्या मुलांना समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. हा मुलाच्या हुशारीचा प्रश्न नाही, तेवढी वाढ अजून झालेली नसते. वर्गात पहिला येणारा मुलगाही यात कच्चाच असतो. आता आपले रस्ते डोळ्यांसमोर आणा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, त्यांना मागे दिवे असतीलच असे नाही. सांगली-मिरज रस्त्यावरची संध्याकाळ. साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपासची गर्दी. पुणे-बंगळुरू महामार्गाचा सेवा रस्ता, जिथे उलट दिशेने येणे हा जणू रिवाजच आहे. त्यात ही गाडी बुटकी आणि बिनआवाजाची. ट्रकच्या केबिनमधून ती दिसतच नाही.

मला हेही कळते, की वस्तीवरच्या मुलाला शाळा चार-पाच किलोमीटर लांब असते, एसटीची वेळ जुळत नाही आणि आई-बाप दोघेही कामाला जातात. 'मग पोरगं शाळेत जाणार कसं?' या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. सायकल आणि चार घरांनी मिळून केलेली रिक्षा, एवढीच दोन उत्तरे मला सुचतात, आणि दोन्ही गैरसोयीची आहेत. तरी बाराव्या वर्षी स्कूटर हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

'पण आमच्या मुलाला छान जमते' असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय मोटरसायकल शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा स्पर्धक पडून मृत्युमुखी पडला. तो प्रशिक्षित होता, विजेता होता, ट्रॅकवर होता, तिथे रुग्णवाहिका होती. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था तर १६ वर्षांखालच्या मुलांनी रस्त्याबाहेरची मोटारचलित वाहने चालवूच नयेत असे सांगत आली आहे. मी तितका कडक नाही. कमी वेग, बंद जागा, मोठे माणूस समोर, या तीन अटींवर मी गप्प बसतो.

मग वाढवायचे कधी आणि काय

मूल वाढते, गाडी छोटी होते, हे खरेच आहे. गुडघे हँडलला लागायला लागले, वाकून बसावे लागले, तर छोट्या गाडीवर ताबा उलट कमी होतो. तेव्हा पुढच्या मापाची गाडी घ्या आणि जुनी मूळ बॅटरी-चार्जरसह विकून टाका. काही गाड्यांत सीट आणि हँडलची उंची टप्प्याटप्प्याने वाढवता येते, ते आधी करा. छोट्या गाडीला मोठी ताकद देणे हा यावरचा उपाय नाही, कारण छोटी राहते ती चौकट, चाके आणि ब्रेक.

माप बघताना मुलाला सीटवर बसवा. नवशिक्या मुलाचे दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. 'दोन वर्षं वापरेल' म्हणून एक माप मोठी गाडी घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतला तर चालतो, गाडी नाही. ब्रेकचा दांडा त्याच्या बोटांना पुरतो का ते पाहा. मुलाला गाडी हाताने ढकलत वळवता येते का, तेही पाहा. आणि आधाराची चाके नसलेली साधी सायकल ज्याला अजून येत नाही, त्याचा मोटर लावलेल्या गाडीशी काही संबंध नाही, वय काहीही असो.

वेगाचा टप्पा बदलण्यासाठी मी पालकांना एक घरगुती परीक्षा सांगतो. जमिनीवर चुन्याने रेघ मारा. आत्ताच्या वेगात गाडी त्या रेघेवर दहा वेळा थांबवायला लावा. दहाच्या दहा वेळा, पाय न घासता, फक्त ब्रेकने. मग मध्येच 'थांब' असे ओरडा आणि मूल मूठ सोडते की आवळते ते पाहा. आवळत असेल तर टप्पा तोच ठेवा. महिनाभराने पुन्हा परीक्षा.

सेकंडहँड गाडी घेणार असाल तर रंगापेक्षा चार गोष्टी बघा: मूठ सोडल्यावर ती ताबडतोब मागे येते का, चेनवर पूर्ण झाकण आहे का, हँडलच्या टोकांचे रबर शाबूत आहे का, आणि चार्जर मूळचाच आहे का. चेनचे झाकण 'धुवायला अडचण' म्हणून काढलेले असते आणि मग तीन वर्षांचे धाकटे भावंड त्यात बोट घालते. रबराविषयी पुढे सांगतो.

बॅटरीवर खर्च करायची इच्छा झालीच असेल तर ते पैसे हेल्मेटवर घाला. आयएसआय चिन्हाचे, मुलाच्या मापाचे, शक्यतो हनुवटीही झाकणारे. बाबांचे हेल्मेट आत टॉवेल भरून घालू नका. पट्टा लावून डोके जोरात हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, मागे राहता कामा नये. पट्ट्याखाली एक-दोन बोटे जावीत, जास्त नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाद, वरून धड दिसले तरी. पायात बूट, हातात मोजे, कोपर-गुडघ्याला पॅड. चप्पल घालून चालवणाऱ्या मुलांच्या अंगठ्याची नखे मी किती काढली आहेत याचा हिशोब ठेवलेला नाही.

पडल्यावर घरी काय बघायचे

बहुतेक वेळा काही होत नाही. साबण-पाण्याने धुवा, माती पूर्ण काढा, धनुर्वाताच्या लशी वेळेवर झाल्या आहेत का ते कार्डावर बघा. पण चार बाबतींत थांबून चालत नाही.

पहिली आणि सर्वात फसवी म्हणजे पोटाला बसलेला हँडलचा मार. पडताना हँडल वळते आणि त्याचे टोक मुलाच्या पोटात रुतते. टोकाचे रबर फाटून नळी उघडी पडली असेल तर मार आणखी वाईट. बाहेरून फक्त रुपयाएवढा गोल वळ दिसतो, कधी तोही नाही. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडे यांना इजा झालेली असू शकते. मुलाच्या पोटाच्या भिंतीचे स्नायू पातळ असतात आणि बरगड्या लवचिक, त्यामुळे मार थेट आत पोचतो. मूल उठून पुन्हा खेळते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोट दुखायला लागते, उलट्या होतात, जेवण नको म्हणते, चेहरा फिका पडतो, डाव्या खांद्यात दुखते म्हणते. घरचे म्हणतात 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल'. पोटावर हँडल बसले हे मूल स्वतः सांगत नाही, तुम्ही विचारा. सदरा वर करून बघा. गोल वळ आणि दुखणारे पोट एवढ्यावर सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन करता येईल अशा रुग्णालयात जा.

दुसरे, डोके. क्षणभरही शुद्ध हरपली, दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, झटका आला, डोकेदुखी वाढत चालली, मूल गुंगीत किंवा विचित्र वागू लागले, चालताना झोक जायला लागला, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी आले, तर लगेच निघा. यातले काही नसेल तर पहिले २४ तास लक्ष ठेवा. झोपू द्यायला हरकत नाही, रात्री एक-दोनदा उठवून नीट ओळखते, नीट बोलते का एवढे बघा.

तिसरे, कोपर आणि मनगट. मुले हात पुढे करून पडतात. ५ ते ७ वर्षांच्या आसपास कोपराच्या वरचे हाड मोडणे नेहमीचे आहे आणि त्याला चिकटूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. हात पांढरा किंवा गार पडला, बोटांना मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना मूल किंचाळले, तर तास-दोन तासांचा प्रश्न असतो. इथे एक विनंती. आपल्या भागात हाड बसवणाऱ्यांकडे आधी नेण्याची पद्धत आहे. सुजलेल्या हाताला चोळून वर बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या तर आतला रक्तपुरवठा बंद पडतो आणि बोटे कायमची आखडतात. शिवाय मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तिथला मोड चुकीचा जुळला तर हात वाकडा वाढत जातो, आणि हे सहा महिने-वर्षाने दिसते. हात आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याने आधार देऊन, ओढणीने गळ्यात अडकवून आणा. चोळू नका, ओढू नका.

चौथे, चेनमध्ये सापडलेले बोट. तुटलेला भाग असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून सोबत आणा. बोट थेट बर्फात टाकू नका, ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही.

कुठे जायचे हे आज ठरवून ठेवा, पडल्यावर नको. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला कृष्णा, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तुमच्या गावापासून रात्री यातले कोणते जवळ पडते, आणि १०८ ला तुमचा पत्ता कसा सांगायचा, एवढे फ्रिजवर लिहून ठेवा. रस्त्यावरील अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस योजना ७ दिवस आणि दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी आहे. पण ती मोटार वाहनामुळे रस्त्यावर झालेल्या अपघातांसाठी आहे. आपल्याच रानात बांधाला धडकलेल्या मुलासाठी ती धरून चालू नका, घरच्या आरोग्य विम्यात काय बसते ते विचारून घ्या.

हात वाकडा दिसत असेल किंवा पोट दुखत असेल तर वाटेत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. शेवटचे काय आणि किती वाजता खाल्ले ते लक्षात ठेवून सांगा. आणि गाडीत काही बदल केलेला असेल तर तोही सांगा. ताशी २५ ची गाडी ४५ ने पळत होती हे डॉक्टरला कळले तर तो कोणत्या तपासण्या करायच्या हे वेगळ्या पद्धतीने ठरवतो. आम्ही पोलिसांत जाऊ या भीतीने पालक 'सायकलवरून पडला' असे सांगतात, आणि सायकलवरून पडलेल्या मुलाचे आम्ही पोट स्कॅन करतोच असे नाही. हेल्मेट घातले असेल तर तेही सोबत आणा. ते कुठे आणि किती चेपले आहे, त्यावरून डोक्याला बसलेल्या माराचा अंदाज येतो.